अर्धा कप कॉफी आणि सुझान वेगाचं गाव

वेटरनं कॉफी काठोकाठ ओतली आणि मी हिरमुसले. अर्धाच कप भरायचा असतो, एवढंही याला ठाऊक नाही? पण ते त्याला सांगणार कसं? न्यू यॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि ११२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर 'टॉम्स रेस्टॉरंट'मध्ये मी खिडकीजवळचं टेबल मिळेपर्यंत वीस मिनिटं ताटकळले होते. शेजारच्या टेबलावरची चार पोरं आळीपाळीनं बाहेर जाऊन पाटीखाली फोटो काढून येत होती. ती 'साइनफेल्ड'वाली. त्या मालिकेत मित्रमंडळी जिथं बसून गप्पा हाणतात, त्या हॉटेलचा बाहेरचा देखावा म्हणून याच कोपऱ्याचं चित्रण वापरलंय. आत भिंतीवरही त्याच मालिकेचे फोटो. मी मात्र आले होते सुझान वेगा या अमेरिकन गायिकेसाठी. 'टॉम्स डायनर' या गाण्यातलं हॉटेल ते हेच.

गाण्यात फारसं काही घडत नाही. सकाळची वेळ, एक मुलगी काउंटरवर कॉफीची वाट बघत बसलीय. माणूस कप अर्धाच भरतो, ती काही बोलणार तेवढ्यात त्याचं लक्ष दारातून आलेल्या दुसऱ्या बाईकडे जातं. मुलगी पेपर उघडते, एका नटाच्या मृत्यूची बातमी वाचते, बाहेर पाऊस, काचेपलीकडे एक बाई स्वतःचे मोजे सारखे करतेय. एवढंच. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यातलं एक अक्षरही मला कळलं नव्हतं.

तेव्हा मी सांगलीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात होते. २००१ साल असावं. घर मिरजेत, पण लॅब उशिरा सुटायची म्हणून हॉस्टेलवर राहायचे. हॉस्टेलवर एमपीथ्रीच्या सीड्या फिरायच्या, एकेका सीडीत दीडशे गाणी कोंबलेली. कुमार सानूच्या खाली मेटॅलिका, मेटॅलिकाच्या खाली गणपतीच्या आरत्या. त्यात एक फाइल होती, नाव नुसतं 'ट्रॅक ४७'. खाली ढाकढुक ताल आणि वर एक बाई काही सांगत असल्यासारखी गातेय. अधूनमधून डू-डू-डू-डू. मैत्रिणी म्हणायच्या, ही बाई झोपेत गातेय का गं? मला ती झोपेत वाटली नाही. आमच्या घरात गाणं म्हणजे तानपुरा जुळवणं, षड्ज लावणं, गळा तापवणं. एवढ्या कमी आवाजात, काहीही सिद्ध करायचं नसल्यासारखं कुणी गाऊ शकतं, हेच मला नवीन होतं.

पुढे सायबर कॅफेत तासाला पंचवीस रुपये मोजून शोधलं तेव्हा कळलं की, मी ऐकत होते ते मूळ गाणं नव्हेच. मूळ गाणं १९८७च्या 'सॉलिट्यूड स्टँडिंग' या अल्बममधलं, साथीला एकही वाद्य नाही, नुसता आवाज. तिच्या मनात पियानो होता, पण तिला पियानो येत नव्हता म्हणून ते तसंच राहिलं. १९९०मध्ये 'डीएनए' नावाच्या दोन इंग्रज पोरांनी तिला न विचारताच त्याखाली ताल घातला. मूळ गाण्याच्या शेवटी सहज येणारं डू-डू त्यांनी उचलून सगळीकडे पेरलं. तिच्या रेकॉर्ड कंपनीनं खटला भरायचा सोडून ते विकतच घेतलं आणि बाजारात आणलं. ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. म्हणजे मी ऐकलेली चोरीच्या गाण्याचीच चोरीची प्रत.

गंमत अजून पुढे आहे. एमपीथ्री हे तंत्र ज्यांनी घडवलं त्यांतले एक जर्मन अभियंते, कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग, आवाज दाबून लहान करण्याच्या खटपटीत असताना त्यांनी कसोटीला हेच गाणं घेतलं होतं. बिनसाथीचा, कोरा आवाज. वाद्यांच्या गर्दीत दोष लपतात, इथं लपायला जागाच नाही. सुरुवातीला तिचा आवाज भयानक यायचा म्हणे. तो नीट येईपर्यंत ते गाणं त्यांनी पुन्हा पुन्हा, शेकड्यांनी वेळा ऐकलं. म्हणून तिला 'एमपीथ्रीची आई' म्हणतात. हे वाचलं तेव्हा मी सिग्नल प्रोसेसिंगचाच पेपर देत होते. आमच्या सरांनी हे उदाहरण दिलं असतं तर चार पोरं जास्त पास झाली असती.

तर असं हे वीस-बावीस वर्षांचं प्रकरण. एवढ्यात मी तिचं जवळजवळ सगळं ऐकलं, नोकरी लागली, लग्न झालं, जर्सी सिटीला आले. आमच्या घरापासून मॅनहॅटन पाथ गाडीनं, म्हणजे नदीखालून जाणाऱ्या लोकलनं, वीस मिनिटांवर. तरी तिला प्रत्यक्ष ऐकायचं राहूनच जात होतं. कधी मुलाची परीक्षा, कधी कोविड, कधी ती युरोपात. एकदा तर तिकीट काढूनही गेले नाही, मुलाला ताप होता. नवरा म्हणाला, तू जा, मी बघतो. पण तापलेलं पोर सोडून आईचा पाय निघत नाही. गेल्या हिवाळ्यात ठरवलं, आता नाही तर नाहीच. बाई साठी उलटून गेल्यात, आपणही काही लहान राहिलो नाही.

तिकिटाची कथा थोडक्यात सांगते, कारण तिच्यात सांगण्यासारखं काहीच नाही, नुसता मनस्ताप. सकाळी दहाला विक्री सुरू होणार म्हणून ऑफिसची मीटिंग म्यूट करून बसले. दहा वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर लिहून आलं की तुमच्या पुढे चारशे जण आहेत. मग एक जागा दिसली, ती निवडली तर म्हणे गेली. दुसरी निवडली, तीही गेली. शेवटी मागच्या बाजूच्या एका टेबलावरची सुटी खुर्ची मिळाली. ५५ डॉलरचं तिकीट आणि वर १४ डॉलर 'सोयीचं शुल्क'. कुणाची सोय, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं होतं, पण तो प्रामाणिक माणूस आहे. म्हणाला, "मी आलो तर झोपेन, आणि तू मला आयुष्यभर ऐकवशील." एकटी खुर्चीच बरी पडली.

आईला मिरजेला फोन केला.

"आई, मी एका बाईंच्या गाण्याला चाललेय. सुझान वेगा म्हणून आहेत."

"कुठल्या घराण्याच्या?"

"घराणं नाही गं. स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात, स्वतः गिटार वाजवतात."

"म्हणजे सगळं एकटीच करते? मग साथीला कोण?"

"एक गिटारवाला असतो."

"तबला?"

"नाही."

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "गावातलीच आहे ना? मग जाऊन ये. माणसाचं गाणं ऐकावं तर त्याच्या गावात ऐकावं."

आईचं हे वाक्य तिच्या बापाकडून आलेलं. आमचं घर सतारमेकर गल्लीच्या मागे. लहानपणी शाळेतून येताना दुकानांच्या दारात सुकत घातलेले भोपळे मोजायचो आणि जव्हारी काढताना, म्हणजे तार टेकते ती घोडी घासताना, तारेचा तो घासल्यासारखा आवाज साफ होत जाताना ऐकायचो. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर वर्षी गाणं असायचं, रात्र रात्र चालायचं. आजोबा सतरंजीचा कोपरा धरून बसायचे आणि मी त्यांच्या मांडीवर झोपायचे. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरानाचे, किराणा घराण्याचं नावच त्यावरून पडलं. १९३७मध्ये मद्रासकडच्या प्रवासात गेले, पण दफन मिरजेत झाले. मिरजेत कुणालाही विचारा, खाँसाहेब आमचे. सुझान वेगाचंही तसंच आहे. जन्म १९५९चा, कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाचा. अडीच वर्षांची असताना न्यू यॉर्कला आली, स्पॅनिश हार्लेममध्ये आणि मग अप्पर वेस्ट साइडला वाढली. सावत्र वडील पोर्तो रिकन लेखक. आपणही अर्ध्या पोर्तो रिकन आहोत अशा समजुतीत ती नऊ वर्षांची होईपर्यंत होती, मग कुणीतरी सांगितलं की तुझे वडील दुसरे. तरीही न्यू यॉर्क तिचं आणि ती न्यू यॉर्कची, यात कुणाला शंका नाही.

आईचं ऐकायचंच तर पुरतं ऐकावं, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आधी तिच्या गल्लीत गेले. जर्नल स्क्वेअरहून पाथनं चौदाव्या रस्त्याला, तिथून एक नंबरची गाडी धरून ११०व्याला उतरले. बाहेर बारीक पाऊस. छत्री घरी विसरले होते याचा पहिल्यांदाच आनंद झाला. गाण्यातही पाऊस आहे.

टॉम्समधून बाहेर पडलं आणि ११२व्या रस्त्यावर पूर्वेकडे मान वळवली की रस्ता संपतो तिथं थेट सेंट जॉन द डिव्हाइनचं प्रचंड कॅथीड्रल उभं. गाण्याच्या शेवटी ज्याच्या घंटा ऐकू येतात ते कॅथीड्रल. इतकी वर्षं मला वाटायचं, घंटा म्हणजे कवितेत घालायची एक गोष्ट, आपल्याकडे देवळाची घंटा घालतात तशी. प्रत्यक्षात ते कॅथीड्रल तिथं आहेच, कॉफी पीत बसलेल्या माणसाला टाळता येणार नाही एवढं जवळ. १८९२ला बांधायला घेतलं, अजून पुरं झालेलं नाही. डावीकडे वर चढत गेलं की चार-पाच चौक सोडून बर्नार्ड कॉलेज, तिथं ती इंग्रजी साहित्य शिकत होती. म्हणजे हे हॉटेल कॉलेजच्या पोरींचं चहाचं ठिकाण, आमच्या विश्रामबागच्या टपरीसारखं. याच इमारतीत वरच्या मजल्यांवर अनेक वर्षं नासाची हवामानाचा अभ्यास करणारी संस्था होती. १९८१मध्ये जेम्स हॅन्सन आणि त्यांचे सहकारी पृथ्वी तापत चालल्याचा निबंध प्रसिद्ध करत होते, आणि त्याच सुमारास खाली ही पोरगी कपात किती कॉफी पडली ते बघत होती. पेपरातला तो नट म्हणजे विल्यम होल्डन, तोही १९८१च्या नोव्हेंबरात गेला. इतकं नेमकं. मी समजत होते की ती स्वप्नाळू आहे. ती तर पंचनामा करत होती.

या गाण्यामागची तिनं सांगितलेली गोष्ट अशी की तिचा एक छायाचित्रकार मित्र म्हणायचा, मला सगळं जग काचेपलीकडून दिसतं, त्यात माझा भाग नसतो. तसं बघून पाहू, म्हणून तिनं हे लिहिलं. मीही काचेतून बाहेर पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ छत्री उलटी झाल्यामुळे तिच्याशी झगडत होते. मग कॉफीचे पैसे आणि टिप ठेवली, कपाच्या तळाशी एक घोट शिल्लक ठेवला आणि निघाले.

कार्यक्रम खाली चेल्सीजवळ, पिअर ५७ या हडसन नदीतल्या धक्क्यावर. या धक्क्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, इंजिनीअर आहे. एरवीचे धक्के लाकडी किंवा काँक्रीटच्या खांबांवर उभे असतात. हा १९५०च्या दशकात बांधला तो आतून पोकळ अशा काँक्रीटच्या अवाढव्य पेट्यांवर. त्या पेट्या नदीच्या वरच्या अंगाला बांधल्या आणि तरंगत इथं आणून बसवल्या. पुढे बरीच वर्षं तिथं शहराच्या बसगाड्या उभ्या राहायच्या. आता वर बाग आहे, आत कचेऱ्या, खाण्याचे ठेले, आणि एक टेबलं मांडलेलं सभागृह, जिथं लोक वाइन पीत गाणं ऐकतात. पाण्यावरच्या पोकळ पेटीवर बसून गाणं ऐकायचं, म्हणजे आमच्या सतारीच्या भोपळ्यावरच बसल्यासारखं. नदीवरचा वारा मात्र बोचत होता.

दार उघडायच्या आधीच रांग होती. मी आजूबाजूला पाहिलं तर बहुतेक मंडळी पन्नाशी-साठीची, पांढरे केस, चांगले बूट, हातात पिशव्या. नाट्यगृहाबाहेर रविवारच्या प्रयोगाला जमतात तशी. कुणाच्याही अंगावर तिचं चित्र असलेला टी-शर्ट नाही. गप्पा मात्र सगळ्या तिच्याच, आणि त्याही कशा, तर आळीतल्या पोरीबद्दल बोलावं तशा. माझ्या टेबलावर एक नवरा-बायको आणि एक एकट्या आलेल्या बाई होत्या. त्या बाईंनी तिला ऐंशीच्या दशकात ग्रिनिच व्हिलेजमध्ये 'फोक सिटी' या गाण्याच्या क्लबात ऐकलेलं.

"तेव्हा आम्ही टेबलाला पंधरा जण होतो," त्या म्हणाल्या, "त्यातले दहा जण पुढच्या गायकाची वाट बघत होते." 'फोक सिटी' १९८६ला बंद पडलं. पलीकडच्या गृहस्थांनी 'बॉटम लाइन'चं नाव काढलं, तेही २००४ला बंद. मग तिघंही बंद पडलेल्या जागांची यादी म्हणू लागले. मी गप्प राहून ऐकत होते. मिरज-सांगलीत चार म्हातारे बसले की बंद पडलेल्या थिएटरांची यादी अशीच निघते.

त्यांनी मला विचारलं, तुम्ही कुठून?

"जर्सी सिटी," मी म्हटलं. मग वाटलं, हे खरं उत्तर नव्हे. "मूळची मिरजेची. सतारी बनवतात तिथं."

बाईंना सतार म्हणजे एवढं मोठं काहीतरी, एवढंच ठाऊक होतं. मी कागदी रुमालावर भोपळा काढून दाखवला. भोपळा खायचाच असतो ना, असं त्या गृहस्थांनी विचारलं आणि तेवढ्यात दिवे मंदावले.

ती आली ती अगदी सरळ चालत. काळे कपडे, तांबूस केस, हातात गिटार. डाव्या अंगाला जेरी लेनर्ड, आयरिश गिटारवादक, पायाशी बटणांची भली मोठी पाटी. डेव्हिड बोवी या इंग्रज रॉक गायकाबरोबर वाजवलेला माणूस, पण कोपऱ्यात असा उभा की कुणी बोलावलं तरच येईन. तिनं स्टँडवरची उंच काळी टोपी उचलून डोक्यावर घातली. माझ्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला, जणू सांगत होत्या, आता बघ. टोपी म्हणजे 'मार्लिन ऑन द वॉल'. भिंतीवर मार्लीन डीट्रिच या जुन्या नटीचं पोस्टर, आणि खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांकडे बघत असलेली ती पोस्टरातली बाई. १९८५च्या पहिल्या अल्बममधलं गाणं. गाणं संपलं, टोपी परत स्टँडवर.

आवाज. यावर मला जरा थांबायचंय. रेकॉर्डिंगमध्ये वाटतो त्यापेक्षा तो जाड आहे, खाली थोडा खरखरीत झालाय, वयानं असेल. पण कंप नाही. सूर लावते आणि तिथंच सोडते, लांबवत नाही, हलवत नाही, जागा घेत नाही. शब्दाचा शेवटचा व्यंजन मात्र पुरा ऐकू येतो, 'ट' असेल तर 'ट' पडल्याचा आवाज येतो. आमच्याकडे नाट्यसंगीतात शब्द चोळामोळा झाला तरी चालतो, सूर सांभाळला पाहिजे. हिचं उलटं. सूर शब्दाच्या मागे दबकत चालतो. माझे आजोबा असते तर पहिल्या गाण्यानंतर चपला शोधायला लागले असते. मला ते चूक वाटलं नसतं, पण मी त्यांना हाताला धरून बसवलं असतं.

दोन गाण्यांमध्ये ती बोलते, आणि तेही गाण्याइतकंच ऐकण्यासारखं. 'जिप्सी'ची गोष्ट तिच्या चाहत्यांना पाठ आहे. अठरा वर्षांची असताना उन्हाळी शिबिरात मुलांना शिकवायला गेली, तिथं लिव्हरपूलचा एक मुलगा भेटला, निघताना त्यानं हातरुमाल दिला आणि तिनं गाणं. गोष्ट येणार हे माहीत असूनही लोक हसण्याच्या जागी हसत होते, कीर्तनात पूर्वरंग माहीत असला तरी बसतात तसे. मग तिनं न्यू यॉर्कची गाणी सुरू केली. 'लडलो स्ट्रीट' हे तिच्या धाकट्या भावावरचं, तो २००२मध्ये गेला. तो रस्ता तिथून फार तर तीन मैलांवर. रस्त्याचं नाव आलं तेव्हा सभागृहात कुणीतरी हळूच 'हं' केलं. ओळखीच्या माणसाचं नाव निघाल्यावर होतं तसं. मला तो रस्ता माहीत होता तो फक्त एका बिर्याणीच्या जागेमुळे, आणि त्याची मला लाज वाटली.

'लुका' तिनं जवळजवळ शेवटाला घेतलं. १९८७मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं हे गाणं, रेडिओवर आनंदानं वाजतं, चाल उड्या मारणारी. बोलतो तो एक मुलगा. तो सांगतो, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, तुमच्या वर. रात्री काही ऐकू आलं तर विचारू नका. लुका नावाचा मुलगा तिच्या इमारतीत खरंच राहायचा. त्याला कुणी मारत नव्हतं, नाव आणि चेहरा तेवढा तिनं उचलला. लू रीड या रॉक गायकाला १९७९मध्ये कोलंबिया विद्यापीठात ऐकल्यावर गाण्यात असंही काही सांगता येतं हे तिला उमगलं.

आमच्या वाड्यात वरच्या खणात एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की त्याच्या बापाचा आवाज चढायचा, मग काहीतरी आपटायचं, मग शांत. खाली आमच्याकडे आजी टीव्हीचा आवाज वाढवायची. दुसऱ्या दिवशी तो शाळेत यायचा, ओठ सुजलेला, आणि आम्ही काही विचारायच्या आत तोच सांगायचा, जिन्यावरून पडलो. जिना आमचाही तोच होता. सात पायऱ्यांचा. त्यावरून आम्ही कुणी कधी पडलो नाही. सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. कुणी एक दिवस वर गेलं नाही. पाचवीनंतर ते लोक इचलकरंजीला गेले आणि त्याचं पुढं काय झालं ते मी कधी शोधलंही नाही. हॉस्टेलवर 'लुका'चे शब्द पहिल्यांदा छापील वाचले तेव्हा मी कागद उलटा ठेवला होता, आणि तेव्हापासून हे गाणं लागलं की पुढं ढकलते.

इथं ढकलता येणार नव्हतं. जेरी लेनर्डनं सुरुवातीचे ते चमकदार सूर छेडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती गाऊ लागली तशा टाळ्या आपोआप विरत गेल्या. ती चेहऱ्यावर काहीही आणत नाही. दुःखी होत नाही, डोळे मिटत नाही. तो मुलगा जसा सांगेल तसं सांगते, घाईत, पुढचं काही विचारू नका म्हणून. माझ्या टेबलावरचे गृहस्थ ताटलीकडे बघत होते. सभागृहात तीनशेच्या आसपास माणसं असतील, आणि मला खात्री आहे, निम्म्यांनी तरी कधी ना कधी टीव्हीचा आवाज वाढवलेला असणार. गाणं संपल्यावर टाळ्या लगेच आल्या नाहीत. एक क्षण गेला. मग आल्या.

मी काय केलं? पाणी प्यायले. ग्लास रिकामा होता, तरी प्यायले.

त्यानंतर 'टॉम्स डायनर'. जेरीनं पायानं दोन बटणं दाबून एक ताल फिरवत ठेवला, वरून गिटारचे तुकडे. म्हणजे ती मूळ गाणं म्हणत नव्हती, त्या दोन इंग्रज पोरांचं रूप म्हणत होती, जे मी ऐकलं होतं ते. स्वतःचं चोरीला गेलेलं गाणं परत आणून घरात वापरायला काढावं तसं. डू-डू-डू आलं आणि तिनं हात वर करून लोकांकडे सोपवलं. सगळे पांढऱ्या केसांचे लोक डू-डू-डू म्हणू लागले. फोक सिटीवाल्या बाईंचा सूर भलताच होता. माझाही बरा असेल असं नाही. पण मला एकदम उमगलं, इथल्या लोकांना हे जगप्रसिद्ध गाणं वाटतच नाही. ते त्यांच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलावरचं गाणं आहे. तिथली कॉफी चांगली की वाईट यावर त्यांचं मत आहे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी दुपारी तिथं जाऊन आल्याचं टेबलावर सांगितलं तर त्या गृहस्थांनी तोंड वाकडं केलं होतं. "तिथं? त्यापेक्षा पलीकडे पेस्ट्रीच्या दुकानात जायचं."

कपात अर्धीच कॉफी का असते, हे गेली वीस वर्षं मी काहीतरी खोल समजून घोळवत होते. एकटेपणाचं प्रतीक वगैरे. कॉलेजच्या मासिकात त्यावर दोन पानं खरडलीही होती. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, त्या माणसानं खरंच अर्धा कप भरला असेल. आणि तिला राग आला असेल.

बाहेर आले तेव्हा पाऊस थांबला होता, वारा होताच. लोक तिची रेकॉर्ड घ्यायला रांगेत उभे राहिले, मीही राहिले असते, पण शेवटच्या चांगल्या गाडीची वेळ डोक्यात होती. टेबलावरच्या बाईंनी तो भोपळा काढलेला रुमाल घडी करून पर्समध्ये टाकलेला मी पाहिला.

चौदाव्या रस्त्याच्या स्थानकात उतरताना आईला फोन लावला. तिकडं सकाळ, ती चहा घेत असणार.

"झालं का गाणं?"

"झालं."

"काय काय गायली?"

सगळं सांगायला गेले असते तर गाडी चुकली असती, आणि वरच्या खणातल्या मुलाचं फोनवर सांगायचं नव्हतं. आई तेव्हा खालीच होती. "एक म्हणून दाखवते," मी म्हटलं आणि फलाटावर, आजूबाजूला कुणी बघत नाही असं बघून, डू-डू-डू-डू म्हटलं. दोनदा.

आईनं कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे तर तीन-चार सुरांतच फिरतंय गं."

"हो."

"वर जातच नाही."

"नाही जात."

पुन्हा थोडा वेळ काही नाही. मला वाटलं, फोन कटला.

"परत म्हण बघू," आई म्हणाली. "सावकाश."

मी म्हणू लागले, तेवढ्यात गाडी आली.